परवडत नाही, हे कोण कुणाला सांगतंय?

दिवाळीनंतर आमच्या ओसरीत कापसाचा ढीग छतापर्यंत लागलेला असतो, त्यात झोपलं तरी जागा उरत नाही, आणि अशात एक दिवस खेडा खरेदीवाला गाडी घेऊन दारात येतो. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस काढतो, दाबतो, गालाला लावून बघतो आणि म्हणतो, ओल आहे आप्पा, एवढ्यात परवडत नाही. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल आणि लांब धाग्याला ८,११०, हे त्यालाही माहीत असतं नी आम्हालाही. पण सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या सेंटरवर जायचं तर आधी ॲपवर नोंदणी, मग नंबर, मग गाडीभाडं, मग तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर भरलेली गाडी परत, आणि इकडे वेचणीवाल्यांचे पैसे द्यायचे असतात, दुकानदाराची उधारी असते. शेवटी वडील म्हणतात, कर भाऊ काटा. वर क्विंटलमागे कटती, म्हणजे वजनातली कपात, जाते ती वेगळीच. गाडी गेल्यावर ओसरी एकदम मोठी वाटते आणि घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

मी तापीकाठचा, शिरपूर-चोपडा पट्ट्यातला, चार पिढ्या कापूस लावणाऱ्या घरातला. हे 'परवडत नाही' लहानपणापासून ऐकतोय, आणि अलीकडे मला प्रश्न पडायला लागलाय की हे वाक्य नेमकं निघतं कुठून आणि जाऊन थांबतं कुठे. इंग्रजांच्या राज्याचं आपल्याकडे आज काय उरलंय, असं विचारलं की लोक क्रिकेट, इंग्रजी, रेल्वे आणि कलेक्टरचा बंगला सांगतात. मला वाटतं खान्देशात त्यांचं सगळ्यात जास्त जे उरलंय ते हे वाक्य आहे.

जरा मागचं बघू. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. भाव आभाळाला भिडले, लोकांनी ज्वारी-बाजरी मोडून कापूस लावला, सावकारांनी पैसा सोडला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव आपटले, मुंबईत कंपन्या नी बँका बुडाल्या, पण इकडे शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज आणि शेतात कापूस, दोन्ही तसेच राहिले. त्याच काळात इंग्रज कंपनीची जीआयपी रेल्वे जळगाव-भुसावळला पोचली. रेल्वे दिली रेल्वे दिली म्हणतात, दिली, नाही कोण म्हणतं, पण नकाशा उघडून बघा ती कुठून कुठे जाते. सगळं मुंबईच्या गोदीकडे. १९०० सालची ताप्ती व्हॅली लाईन, ती सुरतेकडे. धुळ्याला काय तर चाळीसगावहून आलेला एक फाटा, तिथेच संपतो. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत इंदूरला जाणारा आग्रा रोड किती जुना, सगळा व्यापार त्याच रस्त्यानं चालायचा, पण त्या बाजूला रेल्वे टाकायची कुणाला गरज वाटली नाही कारण त्या दिशेनं कापूस विलायतेला जात नव्हता. मनमाड-इंदूर ह्या ३०९ किलोमीटरच्या लाईनला केंद्रानं मंजुरी दिली सप्टेंबर २०२४ मध्ये! आमच्या आजोबांच्या काळापासूनची मागणी आहे ही. आणि रेल्वेचं भाडंही असं ठरवलेलं असायचं की बंदराकडे जाणाऱ्या मालाला स्वस्त, देशातल्या देशात माल हलवायचा तर महाग, म्हणजे इथे कापूस पिकवून इथेच कापड काढून शेजारच्या मुलखात विकायचं म्हटलं की ते परवडत नाही, असंच गणित बसवलेलं.

तरी काही लोकांनी केलं. जळगावला गिरणी निघाली, अमळनेरला प्रताप शेठजींनी मिल काढली, पुढे १९४५ मध्ये त्याच अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना निघाला जो आज विप्रो म्हणून जगाला माहीत आहे. म्हणजे आपल्या लोकांत धमक नव्हती असं अजिबात नाही. पण लँकेशायरला त्रास होतो म्हणून १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात काढून टाकली होती, नंतर तिजोरीला पैसा पाहिजे म्हणून थोडी बसवली तर त्याच्या बरोबरीनं १८९६ मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर लावला, का तर विलायतेवर अन्याय नको. तो कर १९२५ पर्यंत चालला. आता त्या जळगाव-अमळनेरच्या गिरण्या बंद आहेत, त्यांच्या बंद होण्याला स्वातंत्र्यानंतरची कारणंही आहेत, ते सगळं इंग्रजांच्या माथी मारणार नाही. पण परिणाम बघा. आजही आपल्याकडे कापसाचं होतं काय तर जिनिंग-प्रेसिंग, सरकी वेगळी, रुई वेगळी, १७० किलोची गाठ बांधली की निघाली बाहेर. सूत, कापड, कपडा, ज्या ज्या पायरीवर पैसा वाढतो त्यातली बहुतेक पायरी दुसऱ्याच्या गावात.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते ताजं आहे. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, कापड उद्योगवाले म्हणाले आम्हाला परवडत नाही, तर १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग थेट डिसेंबरअखेर. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या ऐन टायमाला. मी हे आणि १८८२ एकच आहे असं म्हणत नाही, तेव्हा गिरणी परक्याची होती आणि आता गिरणी आपली आहे, तिथे काम करणारे कामगार आपले आहेत, त्यांचं पोट आहेच. पण कुणाचा तरी खर्च वाचवायचा म्हटलं की पहिला हात कच्चा माल पिकवणाऱ्याच्या खिशात जातो, ही सवय तीच आहे. मुलूख आपला पण तो स्वस्त कच्चा माल द्यायला आहे, ही नजर साहेबाबरोबर बोटीत बसून गेली नाही. आपला सातबारा उघडा, त्यात अजून 'आकार' आहे, म्हणजे सरकारचा सारा. आपल्या शेताचं गुंठ्याचं माप ३३ फूट बाय ३३ फूट आहे ते इंग्रजी साखळीवरून. पीक किती आलं हे आजही पैसेवारीत मोजतात, दुष्काळ ठरवायला कित्येक वर्षं ती ५० पैशाच्या खाली पाहिजे असायची, पूर्वी हीच आणेवारी होती. नावं बदलली, १८७९ चा जमीन महसूल कायदा जाऊन १९६६ चा आला, पण शेतकऱ्याकडे बघायची खिडकी तीच.

इथपर्यंत लिहिलं की आमच्या गावात टाळ्या पडतात. शेतकरी संघटनेच्या मीटिंगमध्ये मी हे बोललोय, माणसं मान डोलावतात. खरी अडचण ह्याच्या पुढे आहे.

आखाजीला आमच्याकडे सालदार ठरतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातला मोठा सण, पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी सालगड्याचं जुनं वर्ष संपून नवं सुरू होतं. एक आकडा ठरतो, थोडी उचल देतात, काही धान्य, कपडे. लहानपणी मी ओसरीवर बसून हा सौदा ऐकायचो. समोर उकिडवा बसलेला माणूस हळू आवाजात म्हणायचा, "आबा, आते परवडस नही, पोरं मोठा व्हयनात." आणि आमचे आजोबा, जे दोन महिन्यांआधी व्यापाऱ्याच्या नावानं तळमळले होते, तेच आजोबा जसंच्या तसं तेच वाक्य म्हणायचे. एवढं आम्हाला परवडत नाही बाबा. कापसाला भाव कुठेय.

आजोबा गेल्यावर त्यांची लाल कापडी बांधणीची चोपडी मला माळ्यावर सापडली. त्यात व्यापाऱ्यांची नावं पूर्ण आडनावासकट आहेत, बैलांची नावंसुद्धा आहेत, पण सालदारांच्या हिशोबात तीन वर्षं सलग नुसतं लिहिलंय 'भिल्ल, थोरला' आणि 'भिल्ल, धाकटा'. आजोबा वाईट माणूस नव्हते. आजारपणात त्यांनी त्याच माणसांच्या घरी स्वतः जाऊन औषधाला पैसे दिल्याचं सगळे सांगतात. पण नाव लिहायचं त्यांना सुचलं नाही. ह्यावर मी खूप विचार केलाय.

भिल्ल हा खान्देशात कोण होता? गावोगावचा जागल्या होता, रात्री गाव राखणारा, चोराचा माग काढणारा. पेशवाईच्या शेवटी १८०२ ते ४ चा दुष्काळ, होळकरांच्या फौजांची लूट, ह्यात मुलूख उजाड झाला, माणसं डोंगरात शिरली, लुटालूट करायला लागली आणि तेव्हाच्या आपल्या राजवटीनंही त्यांच्या कत्तली केल्या, ही गोष्ट लपवायची नाही, इंग्रजांच्या आधी सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. १८१८ मध्ये इंग्रज आले, थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी दिली, मुलूख ताब्यात घेतला. मग त्यांनी हुशारीनं दोन्ही हातांनी काम केलं. एका हातानं तगाई म्हणजे सरकारी कर्ज, जमिनी, माफी, आणि दुसऱ्या हातानं १८२५ मध्ये औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण उभी केली, भिल्लाकडूनच भिल्ल आवरायचा. आणि पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या की ही जात मुळातच लुटारू, जन्मानंच अशी. आधी एखाद्या वर्षी, एखाद्या टोळीनं केलेली लूट होती, त्यांनी तिला रक्तात नेऊन ठेवलं. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ मध्ये तो सगळ्या मुलखाला लावता येईल असा केला, पारधी आणि कितीतरी जमातींना नुसत्या जन्मामुळे पोलिसात हजेरी लावावी लागायची. १८७८ चा जंगल कायदा आला आणि सातपुड्यात जो बापजाद्यांपासून राहत होता तो एका कागदानं अतिक्रमणदार झाला. खाज्या नाईक तर कंपनी सरकारच्याच नोकरीत सेंधवा घाटाची राखण करणारा, तो १८५७ ला उलटला, १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली, १८६० मध्ये त्याला दगा करून मारलं. आता ज्या घाटाकडे इंदूरची रेल्वे निघालीय तोच हा मुलूख. आमच्या शाळेत झाशीची राणी होती, तात्या टोपे होते, पन्नास-साठ किलोमीटरवरचा खाज्या नाईक मला तिशी उलटल्यावर कळला.

भिल्ल जन्मानं लुटारू म्हणणारं इंग्रजांचं ते लिखाण गावात कुणी वाचलेलं नाही. तरी ते पाठ कसं झालं? कारण आपल्याला त्याचा फायदा होता. इंग्रजांनी जमिनीला किंमत आणली, कोर्ट आणलं, गहाणखत आणलं, आणि शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात ज्याला लिहिता येत होतं त्याच्याकडे न लिहिणाऱ्याची जमीन सरकत गेली. सावकार घ्या, आपल्यासारखी पाटील-गुजर घरं घ्या. एकदा समोरचा माणूस मुळातच उडाणटप्पू, दारुडा, चोर ठरला की त्याची जमीन आपल्याकडे आली ह्याचं काही वाटत नाही, उलट ती आपण पिकती केली असं वाटतं. अगदी हेच साहेब आपल्याविषयी म्हणायचा. नेटिव्ह आळशी आहे, त्याला राज्य करता येत नाही, आम्ही मुलूख सुधारला.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत ही उतरंड डोळ्यानं दिसायची. वर गोरा साहेब, त्याच्या खाली मेल गाडीचा ड्रायव्हर, गार्ड, फोरमन बहुतेक युरोपियन नाहीतर अँग्लो-इंडियन, आणि खाली आपली माणसं खलाशी, गँगमन. अँग्लो-इंडियनला वरचा आपला म्हणत नव्हता पण खालच्यापेक्षा चार आणे जास्त नी वेगळं क्वार्टर दिलं होतं, तेवढ्यावर तो साहेबाच्या बाजूनं उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेतल्या त्यांच्या राखीव जागा दहा वर्षांत संपवत आणल्या, कित्येक कुटुंबं ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला निघून गेली, तिथेही त्यांना कुणी गोरं मानलं नाही. मला त्यांच्याविषयी राग नाही, वाईट वाटतं. आणि त्यांच्याकडे बघून आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते कळतं. रंग नसला तरी उतरंड तीच असते. खालच्यापेक्षा चार आणे जास्त मिळतात एवढ्यासाठी आपण वरच्याचं सगळं खपवून घेतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शिवारात एका रात्रीत सहा विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेल्या, तांब्यासाठी. सकाळी गावात एकच चर्चा, आणि कुणी पुरावा मागितला नाही, सगळ्यांचं बोट भिलाटीकडे. भिलाटी म्हणजे गावाच्या कडेला, नाल्यापलीकडे भिल्लांची वस्ती, आमच्याकडे प्रत्येक गावाला असते. पोलीस आले आणि थेट तिथेच गेले, दोन पोरं उचलली. त्यातला एक आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बाईचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा. दोन रात्री आत ठेवला. महिन्याभरानं केबल सापडली ती बाहेरून आलेल्या भंगारच्या गाडीत, त्या टोळीत भिलाटीतलं कुणीच नव्हतं. पोरगं परत आलं तेव्हा डाव्या पायानं लंगडत होतं. त्याची आई दुसऱ्या दिवशी वेचणीला आली, काही बोलली नाही, ओटी बांधली आणि ओळीला लागली. गावातून एकही माणूस त्या घरी जाऊन चुकलं म्हणाला नाही. मीही गेलो नाही. बोट दाखवणाऱ्या गर्दीत मी होतो, गप्प होतो पण होतो, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

१९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगांच्या नियमांतले जातीवरून काम वाटणारे आणि विमुक्त जमातींना जन्मानं गुन्हेगार धरणारे उल्लेख घटनाविरोधी ठरवले, म्हणजे रद्द झालेला कायदा ७२ वर्षं सरकारी कागदात जिवंत होता. मग आमच्या गावातल्या डोक्यात तो का जिवंत असणार नाही.

काहीजण म्हणतील, इंग्रज जाऊन पाऊणशेच्या वर वर्षं झाली, अजून किती दिवस त्यांच्या नावानं खडे फोडायचे. बरोबर आहे, म्हणूनच मी त्यांच्या नावानं फोडत नाहीये. साखळी त्यांनी बांधली, आज ती आपल्या हातात आहे. दुसरे म्हणतील, आदिवासींना सगळं फुकट मिळतं, आता सालदार शोधूनसुद्धा मिळत नाही, सगळे गुजरातेत नाहीतर उसाला जातात. हो, जातात. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याकडचे ट्रक भरून कोयते निघतात, नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, पोरांची शाळा तिथेच संपली. ज्याच्या घराची नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नोंद नाही, ज्याच्या वनपट्ट्याचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा, दावा २००६ चा वनहक्क कायदा येऊन एवढी वर्षं झाली तरी फायलीत आहे, तो माणूस फुकट खाऊन बसला असता तर पहाटे चार वाजता थंडीत ऊस तोडायला कशाला गेला असता?

आणि हे बदलता येत नाही असंही नाही. ह्याच शहादा तालुक्यात १९७१-७२ च्या आसपास आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना उभं केलं, श्रमिक संघटना झाली, सालदाराची मजुरी, दडपून घेतलेल्या जमिनी, रात्रीची मारहाण ह्या सगळ्यावर माणसं बोलायला लागली. तेव्हा आपल्याच लोकांनी पीक राखणीच्या नावाखाली काय काय केलं ते तिकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. त्या सगळ्यात शेतकरी एका बाजूला नी आदिवासी दुसऱ्या बाजूला होते, आणि माझं म्हणणं इथेच आहे, ही वाटणीच चुकीची आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला त्यात पाय फुटलेली बहुतेक माणसं आदिवासी होती, आणि त्यांच्या मागण्यांत वनपट्टे होते, तसंच कर्जमाफी आणि हमीभावही होता. ती आपल्या कापसासाठी चालली. आपण त्यांच्या पट्ट्यासाठी किती चाललो?

कापसाला भाव मागताना आपण म्हणतो उत्पादन खर्च धरा, त्यावर पन्नास टक्के नफा द्या. त्या खर्चात मजुरीही येते ना. ती मजुरी आपण कमीत कमी दाखवायला बघतो आणि मग खर्चच कमी निघतो, म्हणजे वेचणीवालीला दाबून आपण आपलाच हमीभाव दाबतो. ज्या संघटनेच्या फलकावर कापसाचा भाव आहे त्याच फलकावर किलोमागे वेचणीचा दर, भिलाटीतल्या घरांची नोंद आणि वनपट्टे असले पाहिजेत, खाली बारीक अक्षरात नाही, बरोबरीनं. हे बोललो की मीटिंगमध्ये मघाच्या टाळ्या थांबतात, कुणीतरी म्हणतं हा वेगळा विषय आहे. हा वेगळा विषय नाही भाऊ, हाच विषय आहे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी एक अर्ज लिहिलाय. आमच्या भिलाटीतल्या ३१ घरांची नमुना ८ ला नोंद करावी एवढंच त्यात आहे, आणि ह्या वेळी घरमालकांची नावं पूर्ण लिहिलीत, एकेका दारात बसून विचारून, कारण निम्मी नावं मला माहीतच नव्हती. लंगडणाऱ्या पोराच्या आईचं नावही मला त्याच दिवशी कळलं. तिनं अंगठा दिला नाही, सही केली. गावातून माझ्याशिवाय आतापर्यंत तीन सह्या झाल्यात. वडिलांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, उद्या बघू.